भाचजावयाची झडती

वाघ उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही, मी मोजलेलं आहे. पोंभुर्ण्याच्या जंगलात चौदा वर्षं मी वनखात्याच्या मदतीला असलेल्या गावपथकात होतो. वाघ शिवारात आला की हातात काठी घेऊन लोकांना मागं रेटायचं आणि वाघ निघून गेला की उरलेलं गोळा करायचं, असं ते काम. त्या चौदा वर्षांत अकरा प्रेतं उचलली. त्यातली दहा माणसं मेली तेव्हा वाकलेली किंवा बसलेली होती. कोणी गवत कापत होतं, कोणी तेंदूपत्ता तोडत होतं, एक जण तर डबा घेऊन झुडपामागं बसला होता आणि तसाच गेला. अकरावा वाघाच्या भीतीनं झाडावर चढला आणि फांदी मोडून पडला, त्याचं पाप वाघाच्या माथी नको.

वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. म्हणून आमच्याकडे मोहफुलं वेचायला बायका जोडीनं जातात. एक वाकते, दुसरी तिच्या पाठीमागं उभी राहून रानाकडे बघते. याला राखण म्हणतात. राखणीला असलेलीनं फुलाला हात लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, नुसतं बघायचं. थोड्या वेळानं पाळी बदलते. घरी फुलं निम्मी येतात, पण बायका दोन्ही येतात.

माझी बहीण शकू एक दिवस एकटीच गेली. जोडीदारणीला ताप होता, आणि फुलं पडून राहिली की रानडुकरं खातात म्हणून गेली. मी पोचलो तेव्हा टोपली सरळ उभी होती, अर्धी भरलेली, आणि शकू तिच्यापासून चाळीस पावलांवर पळसाच्या झुडपात होती. मान राहिली नव्हती. डोकं नुसत्या कातडीला धरून होतं आणि एक हात सापडायला आम्हाला दुपार झाली. डोक्याचं मुंडासं सोडून मी त्यात ते सगळं बांधलं. गाठ मारून वर बघितलं तर लोकांच्या पुढं तिची पोरगी उभी होती, दीपिका, तेरा वर्षांची. तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. ती रडत नव्हती, बघत होती.

पोरीचा बाप आधीच गेलेला, त्यामुळं ती माझ्या घरी आली. मी तिला लिहायला-वाचायला काय शिकवणार, मीच सातवी नापास. एकच गोष्ट शिकवली. वाकायचं नाही. वाकायचंच झालं तर पाठीमागं राखणीला आपलं माणूस पाहिजे. आणि समोर काही आलं तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, ताठ उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघायचं. पोरगी ते इतकं मनावर घेऊन बसली की अंगणात सडा टाकतानाही भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गावातल्या बाया हसायच्या. हसू देत, मी म्हणायचो, त्यांच्या घरून अजून कोणी गेलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. मुलगा वैनगंगेच्या पलीकडचा, मार्कंड्याजवळच्या एका गावचा. सुरज त्याचं नाव, जेसीबी चालवायचा. उंच, गोरा, गोड बोलणारा. मांडवात पितळी परातीत त्याचे पाय ठेवून मी धुतले आणि त्या पायांवर डोकं टेकवलं. बाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे भाची म्हणजे देव. मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या पडत नाही. आणि भाचीचा नवरा म्हणजे देवाचा मालक. त्याच्या पाया पडायचंच, मग तो माणूस असो की दगड.

हा दगड निघाला. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणजे तिथं माणूस दारू लपून पितो आणि बायकोला उघड मारतो. पहिल्या वर्षी हातानं मारलं, दुसऱ्या वर्षी पट्ट्यानं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वरून मुसळ घातलं. हाड दोन जागी मोडलं. शेजारणीनं फोन केला, मी पहिल्या एसटीनं गेलो.

सुरज अंगणात खाटेवर बसला होता, रात्रीची उतरायची होती. त्याचा बाप रामाजी दारात मान खाली घालून उभा. आत दीपिका हात छातीशी धरून बसलेली, हात कोपरापाशी काळानिळा होऊन फुगलेला. आणि मी काय केलं, तर आधी खाटेपाशी जाऊन सुरजच्या पाया पडलो आणि मग त्याची आईबहीण काढली. आमच्याकडे क्रम असाच असतो. दहा मिनिटं भांडलो, पोरीला उठवलं आणि घेऊन निघालो. मागून तो ओरडला तेवढं सगळ्या गावानं ऐकलं. "जिथी दिसन तिथी कापीन तुले. मामाच्या मांडीवर बसून राह्यली तरी कापीन."

 एसटी मूल गावात आली तेव्हा तिनं विचारलं, "मामा, त्याच्या पाया काऊन पडले तुमी?"

रीत हाये, मी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तोपर्यंत मी पथक सोडून नागपुरात आलो होतो, मेट्रोच्या एका स्टेशनवर गार्ड म्हणून. चौकशी अजून संपलेली नाही म्हणून स्टेशनचं नाव सांगत नाही. रस्त्याच्या मधोमध खांब आणि खांबांवर स्टेशन. खाली चौकात गाड्यांचा गोंगाट, मधल्या मजल्यावर तिकीट खिडकी आणि आमचं तपासणीचं गेट, त्याच्या वर प्लॅटफॉर्म. पहिल्या दिवशी वर चढून खाली बघितलं आणि मला वाटलं, हे तर मचाण आहे. वर माणूस सुखरूप, खाली जनावरं मोकाट. नागपूरचे दुचाकीवाले बघितले की हे खोटं वाटत नाही.

गेटवर एक चौकट असते, तिच्यातून माणूस गेला की ती वाजते. सगळ्यांनाच वाजते. पट्टा, चिल्लर, किल्ल्या, तंबाखूची डबी. न वाजता त्या चौकटीतून फक्त तान्ही पोरं जातात. म्हणून चौकटीवर भरवसा ठेवायचा नाही, खरी तपासणी हातातल्या यंत्राची आणि तळहाताची. हात वर करा, मागं वळा. वकील असो की हमाल, माझ्यासमोर हात वर करूनच उभा राहायचा. तीन वर्षांत चाकू पकडले, सत्तूर पकडला, एकदा पाहुणचाराला चाललेला जिवंत कोंबडाही पकडला. साहेब लोक म्हणायचे, डोमाजीच्या गेटमधून मुंगी जात नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दीपिकाचा हात बसल्यावर तिला त्याच स्टेशनवर सफाईला लावली. वर लादी पुसायला लांब दांड्याचं फडकं होतं, कचरा उचलायला चिमटा, त्यामुळं वाकायचं काम नव्हतं. फक्त एक काम बसून करावं लागायचं. प्लॅटफॉर्मच्या कडेला पिवळी पट्टी असते, आंधळ्या माणसांना पायाला लागावी म्हणून उंचवट्यांची. लोक त्यावर चिंगम थुंकतात आणि ते पत्र्याच्या पट्टीनं खरडून काढावं लागतं. तोंड रुळाकडे, पाठ जिन्याकडे. दीपिकानं सुपरवायझर पवनला सांगून टाकलं की हे काम ती फक्त माझ्या ड्युटीत करेल. पवनला वाटलं, मामाचा वशिला. मी त्याला काही सांगितलं नाही. मी गेटवर असलो की ती बिनधास्त खाली बसायची, तासभर सुद्धा, एकदाही मागं न बघता. आमची राखण चालली होती, मधे फक्त एक मजला होता.

सुरजचे फोन येत होते. ती मला ऐकवायची. तेच ते, कापीन, चिरीन, अंगावर जेसीबी घालीन. आम्ही पोलिसांत अर्ज दिला होता. मी त्याचा फोटो गेटवर सगळ्यांना दाखवून ठेवला होता, स्कॅनरवर बसणाऱ्या दिव्यानीला तर पाठ झाला होता. असं एक वर्ष गेलं. मग माघात मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा झाली, दहा-बारा दिवस चालते ती, आणि ती संपल्यावर आठ दिवसांनी रामाजीचा फोन आला.

म्हातारा रडत होता. म्हणाला, पोरगा सुधरला. शिवरात्रीला वैनगंगेत अंघोळ करून देवळात नारळ फोडला, दारू सोडली, वीस दिवस झाले थेंब घेतला नाही. तुमच्या पाया पडतो डोमाजी, एकदा पोरीशी बोलू द्या त्याले. मी म्हणालो, पाहू. फोन ठेवला आणि दीपिकाला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते आता विचारतात. सांगायला लाज वाटते, पण पोरगी नांदायला परत जावी असं मनातून मलाही वाटत होतं. गावात लोक विचारायचे, भाची तुमच्याकडेच का? त्या प्रश्नाला मी कंटाळलो होतो. माणसाला मान खाली घालायची सवय लागली की त्याला वाटतं दुसऱ्यानंही घालावी.

दुसऱ्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला.

कॉलेजच्या पोरांची रांग होती. तिच्यात पांढरा शर्ट, कपाळाला गंध, दाढी केलेली, हातात कापडी पिशवी. मी त्याला जिना चढताना ओळखलं. डोळे स्वच्छ होते, तोंडाला वास नव्हता. त्यानं पिशवी स्वतःहून स्कॅनरच्या पट्ट्यावर ठेवली. नारळ आणि स्टीलचा डबा. "मार्कंड्याचा परसाद हाये, मामाजी," तो म्हणाला आणि चौकटीतून आत आला. चौकट वाजली, पण ती तर वाजतेच.

मी यंत्र उचललं होतं. देवाशपथ उचललं होतं. आणि तो माझ्यापुढं दोन पावलांवर उभा राहिला, जावई उभा राहतो तसा, पाय जुळवून. माझी कंबर माझ्या आधी वाकली. यंत्र डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं त्याच्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. मागची पोरं हसली. कोणी तरी म्हणालं, व्हीआयपी हाये का बे हा?

उठलो आणि यंत्र हातात तसंच राहिलं. ज्याच्या पायाला आत्ता हात लावला त्याच्या कमरेला हात कसा लावायचा? हात वर कर म्हणून त्याला कसं सांगायचं? पाच सेकंदांची गोष्ट आहे, पण त्या पाच सेकंदांत मी गार्ड नव्हतो, मामा होतो.

"दीपिका वरतं हाये का?" त्यानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "पिवळ्या पट्टीवर बसून चिंगम खरडून राह्यली."

हे मी सांगितलं. ती कुठं आहे, कशी बसली आहे, सगळं मी सांगितलं. तो हसला, असू द्या मामाजी म्हणाला आणि तिकीट लावून आत गेला. सरकत्या जिन्यावर तो उभा राहिला नाही, पायऱ्या चढत गेला. मी पुढच्या पोराला हात वर करायला लावले. त्याच्या मागच्याला. मग तिसऱ्याला. तेवढ्यात स्कॅनरच्या पडद्यामागून दिव्यानीनं मान बाहेर काढली. शिकलेली, शांत पोरगी. म्हणाली, "डोमाजीभाऊ, तुमच्या पाहुन्याची पिशवी इथीच राह्यली न. आन तो फोटोतलाच त नव्हता?"

पट्ट्याच्या टोकाला कापडी पिशवी पडली होती. जो माणूस बायकोला प्रसाद द्यायला नागपूरपर्यंत आला, तो प्रसाद विसरून वर गेला. मी पिशवी उचलली आणि डबा उघडला. डबा रिकामा होता, घासून पुसून ठेवलेला.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. काठी उचलली आणि बाजूच्या फाटकावरून उडी मारली. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, तरी बेचाळीस पायऱ्या कशा चढलो ते माहीत नाही. अर्ध्यावर असतानाच वरून माणसं खाली येऊ लागली, एकमेकांना ढकलत, तोंडं पांढरी पडलेली. जंगलात भेकर ओरडलं की आम्हाला कळायचं, पुढं काय बघायला मिळणार आहे.

विळा त्यानं पाठीशी, शर्टाच्या आत, पट्ट्यात खोचून आणला होता. धान कापायचा विळा, हलका, पात्याला नुकती धार लावलेली. दीपिका पट्टीवर उकिडवी बसली होती, पाठ जिन्याकडे, मामा गेटवर म्हणून निवांत. त्यानं मागून येऊन धान कापतात तसंच केलं. डाव्या हातात केसांची मूठ धरली, मान मागं ओढली आणि उजव्या हातानं विळा गळ्याला घालून ओढला. तिनं उजवा हात मधे घातला म्हणून ती आज आहे. तीन बोटं लादीवर पडली. विळा बोटांतून गेला आणि मग गळ्यात शिरला, श्वासनळीपर्यंत गेला नाही, थोडा अलीकडे राहिला.

आणि ती उठली. हे मला प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या एका बाईनं नंतर सांगितलं. केस त्याच्या मुठीत, गळ्यातून रक्त पुढं छातीवर, आणि ती पाय रोवून उठली, वळली, त्याच्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली. मुठीत केस राहिले, मुळासकट. डाव्या हातात पत्र्याची पट्टी होती, ती तिनं त्याच्या गालावर ओढली. तो मागं सरला. वाघही असाच मागं सरतो. पण वाघ मग निघून जातो. सुरजनं पुन्हा विळा उचलला, आणि चार पोरं खांबाआड उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती.

मी वर पोचलो तेव्हा हे चित्र होतं. लादी लाल, ती उभी, तो तिच्यापुढं हात उगारलेला. गाडी येत होती, रूळ वाजत होते. पहिली काठी मी त्याच्या मनगटावर मारली आणि हाड मोडल्याचा आवाज ऐकला. विळा खाली पडला. दुसरी गुडघ्यावर मारली. तो वाकला.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पोलीसही तेच म्हणतात. विळा खाली पडला होता, माणूस गुडघ्यावर आला होता, लोक आता धावत येत होते. मी थांबलो नाही. वाकलेल्या पाठीवर मारलं, मानेवर मारलं, डोक्यावर मारलं. वाकलेल्या माणसाला मारणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. तो माणूस वाटतच नाही. कवटी फुटल्याचा आवाज मातीचं मडकं फुटावं तसा आला आणि मी तरी मारत होतो. प्रत्येक फटक्याला मला त्याचे बूट दिसत होते, काळे, पॉलिश केलेले. त्यांना मी हात लावला होता. शेवटी पवननं आणि दोन प्रवाशांनी मला मागून कवळ घातली तेव्हा काठी मोडलेली होती आणि माझ्या मिशीत त्याचं रक्त होतं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाटायला पाहिजे असं वकील म्हणतो, कोर्टात तसं सांगीन.

दीपिका खांबाला पाठ लावून उभी होती. गळा डाव्या हातानं दाबून धरलेला, बोटांमधून रक्त येत होतं. बस म्हणालो तर बसेना. स्ट्रेचर येईपर्यंत ती उभीच होती. मी लादीवरून तिची तीन बोटं गोळा केली आणि रुमालात बांधली. गाठ मारताना शकूला बांधलेलं मुंडासं आठवलं.

बोटं बसली नाहीत. गळ्याला सव्वीस टाके पडले. सुरज जगला. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर आहे, पोलीस पहाऱ्यात, डावी बाजू गेलेली. माझ्यावरही गुन्हा आहे आणि नोकरी जवळपास गेलीच.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फौजदार मॅडमनी मला गेटच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. मॅडम साताऱ्याकडच्या, तरुण, स्वभावानं चांगल्या. चित्रात माझा चेहरा दिसत नाही, नुसती पाठ दिसते, टेबलासारखी आडवी. त्या पाठीवरून सुरज वर जिन्याकडे बघतो आहे. खाली वाकलेल्या माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलेलं नाही.

मॅडमनी चित्र थांबवलं. विचारलं, "काका, इथं तुमचं खाली काही पडलं होतं का?"

"नाही मॅडम. पाया पडलो."

"कोणाच्या?"

"भाचजावयाच्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "ज्यानं तिला कापायची धमकी दिली होती, त्याच्या?"

हो म्हणालो. आमच्याकडे तशी रीत आहे, हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही. त्यांच्याकडे जावई सासऱ्याच्या पाया पडतो म्हणे. मला वाटलं, त्या रीतीनं तरी काय वेगळं झालं असतं? मग वाटलं, झालं असतं. वाकला तो असता, आणि त्याच्या पाठीवरचा विळा मला दिसला असता.

दीपिकाला बोलता येऊ लागलं तेव्हा मॅडम जबाब घ्यायला दवाखान्यात आल्या. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडंच होतं. तिचा आवाज घोगरा झाला होता, शब्दागणिक थांबत होती. मॅडमनी सगळं विचारलं आणि शेवटी विचारलं की एवढ्या धमक्या येत होत्या, तुला माहीत होतं, मग जिन्याकडे पाठ करून खाली का बसलीस?

तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग म्हणाली, "मामा गेटवर होते न."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकलो होतो. शकू गेली तेव्हा राखणीला कोणी नव्हतं, तिची पोरगी कापली गेली तेव्हा राखणीला मी होतो. हे माझ्याच्यानं कोणाला सांगता येत नाही, बायकोलाही सांगितलं नाही.

मॅडम गेल्यावर आत गेलो. सकाळचे दहा वाजले असतील, खिडकीतून ऊन तिच्या चादरीवर पडलं होतं. उजव्या हाताला मोठं बँडेज, गळ्याला पट्टी, डोक्याची एक बाजू भादरलेली. घरी असो की बाहेर, भाची भेटली की आधी तिच्या पाया पडायचं, हे मी जन्मभर केलं आहे. शिवाय त्या दिवशी मला माफी मागायची होती आणि ती मागायला दुसरी कुठली तऱ्हा मला येत नाही. मी खाटेच्या पायथ्याशी गेलो आणि वाकलो.

तिनं पाय चादरीत ओढून घेतले.

"वाकू नोका, मामा," ती म्हणाली. "उभे राहा."

मी उभा राहिलो. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते बाजूला सोडून दिले. काहीतरी बोलणार होतो, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून ती दाराकडे बघत होती, आणि मी तिथं होतो तोपर्यंत तिनं दारावरची नजर काढली नाही.